उपरण्याखालचा सौदा

अजिनाथची पिकअप वस्तीवर परत आली तेव्हा मागच्या फाळक्यातून दूध ठिबकत होतं. अंगण झाडणाऱ्या बानाबाईनं, त्याच्या आईनं, ते पाहिलं आणि खराटा तिथंच टाकून दिला.

"आज पुना?"

"पुना," अजिनाथ म्हणाला. कॅन उतरवून त्यानं आडवा केला. बुडाच्या कडेला मागल्या आठवड्यात दाबून बसवलेला एम-सीलचा गोळा उन्हानं सुटला होता आणि चीर बोटभर लांबली होती. "केंद्रावरच्या साहेबानं कॅन खाली उतरू दिला नाय. म्हणला, असं लिंपलेलं आता चालणार नाय. मृगापसून असले समदे कॅन भाईर."

वैशाखाचं ऊन होतं. परत आलेलं दूध नासायला कितीसा वेळ लागतो? बानाबाईनं वास घेतला, तोंड वाकडं केलं. जेवढं बरं होतं तेवढं तिनं आटवायला चुलीवर चढवलं, बाकीचं कुत्र्यांपुढं ओतलं.

अजिनाथचं काम तसं साधं. किल्ल्याच्या मागच्या वस्त्यांवरून सकाळी दूध गोळा करायचं आणि शीतकेंद्रावर पोचवायचं. कॅन ज्याचे त्याचे, गाडी याची. कॅन सगळे अॅल्युमिनियमचे आणि काही तर अजिनाथच्या वयाचे. चढवताना-उतरवताना आपटून आपटून त्यांची बुडं कामातून गेली होती. गळायचा कॅन, पण बोट गाडीवाल्याकडं. परवाच पलीकडच्या वस्तीवरची द्वारकाबाई भर रस्त्यात त्याला म्हणाली होती, "माझ्या दारातून काठोकाठ भरून निघतो, अन् तिथं कमी भरतो. वाटंत कुणाला पाजितो रं?" चार माणसं ऐकत होती, त्यातली दोन हसली. चोर म्हणून घेण्यापेक्षा गाडी विकलेली बरी, असं त्या दिवसापासून अजिनाथच्या डोक्यात घोळत होतं. शहरातल्या वर्कशॉपांना विचारून झालं होतं. चार कॅनांच्या कामाला हात लावायला तिथं कुणाला सवड नव्हती.

शालू, त्याची बायको, मोरीत भांडी घासत होती. पदराला हात पुसत ती आली, कॅनपाशी उकिडवी बसली, चिरेवरून नख ओढलं आणि म्हणाली, "हे जोडता येतंय. मी जोडते."

"कशानं?"

"मशीन आणलं तर."

ती उगाच बोलत नव्हती. लग्नाआधी तिनं आयटीआयला वेल्डिंग केलं होतं आणि वाळूजच्या एका कारखान्यात अॅल्युमिनियमच्या टाक्या जोडल्या होत्या. लग्नानंतरही वर्षभर जात होती. मग कंपनीची गाडी या बाजूला यायची बंद झाली आणि नोकरीही आपोआप बंद झाली. तिचं हेल्मेट आणि हातमोजे ट्रंकेत साड्यांच्या खाली पडून होते. वेल्डिंग येणारी सून ही पाहुण्यांना सांगायला मोठी गंमत होती. घरात तिला कुणी एक बिजागरीसुद्धा जोडायला सांगितली नव्हती.

बाजेवर बसलेल्या मल्हाररावानं, तिच्या सासऱ्यानं, तोंडातली मिसरी थुंकली. "वेल्डिंगवाले फाट्यावर हायेत की. मशीन कशाला?"

"मामा, ते लोखंडाचे. त्यांचं मशीन याला चालत नाय." शालू पदर सावरून खाली बघत बोलत होती, पण बोलत होती. "याच्यावर साय असती. डोळ्याला दिसत नाय. आतलं वितळून जातं अन् साय तशीच राहती, जोडच धरत नाय. ती फोडायची तर मशीनमधून करंट उलटसुलट फिरावा लागतो. टिग मशीन पायजे, पण एसी-डीसी दोन्हीचं. अन् घरच्या लाइनीवर चालणारं."

मल्हाररावानं मान डोलावली. त्याची मान डोलणं म्हणजे ऐकलं असं नव्हे, हे बानाबाईला माहीत होतं, शालूला अजून कळायचं होतं. त्याच्या कानात 'टिग' तेवढं राहिलं.

"बरं," तो म्हणाला. "दोन मेंढे देतो इकून. मशीन मी बघतो."

पुढं काही विचारायची सोय नव्हती. परिसरातल्या बाजारांत मल्हाररावाचा हात प्रसिद्ध होता. जनावराचा सौदा तोंडानं होत नाही. दोघांच्या हातांवर उपरणं टाकायचं आणि खाली बोटं दाबून भाव सांगायचा, म्हणजे शेजारी उभ्या असलेल्याला आकडा कळत नाही. बोटं एकदा जुळली, हात सुटला आणि थोडी रक्कम इसार म्हणून आगाऊ दिली की सौदा पक्का. मग जनावर घरी न्यायचं आणि बाकी पुढच्या बाजारी चुकवायची. मल्हाररावानं असा धरलेला सौदा आजवर मोडला नव्हता. म्हणून तर लोक आपली शेळी घ्यायलासुद्धा त्याला सोबत नेत.

मेंढे गेले. मागं नुसती शेळ्यांची पिल्लं उरली, त्यामुळं दुसऱ्यांदा मशीन घ्यायचं म्हटलं तर विकायला काही नव्हतं.

शहरात शहागंजच्या मागच्या बाजूला कडुबाचं गोदाम होतं. कडुबा आधी जनावरांचा दलाल. बाजार बसत चालला तसा तो बंद पडलेल्या कारखान्यांची जुनी मशिनं घेऊन विकायला लागला. धंदा बदलला तरी खांद्यावरचं उपरणं त्यानं सोडलं नव्हतं.

"आवो मल्हारराव! आओ, बैठो. किती वर्सांनी!"

माणूस आपल्यातला निघाला म्हणून मल्हारराव खुलला. चहा आला. अजिनाथ गाडी लावायला जागा शोधत होता. शालूनं ट्रंकेतल्या हेल्मेटसकट गळका कॅन पोत्यात घालून सोबत आणला होता. तो उराशी धरून ती मशिनांच्या रांगेत शिरली, वाकून एकेकाच्या तोंडावरची बटणं वाचायला लागली. मागच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली एक धुळकट, अवजड धूड होतं. तिनं ताडपत्री वर केली, पदरानं पुसलं आणि वाचलं. एसी, डीसी.

ती सांगायला धावत पुढं आली तेव्हा कडुबा उपरणं झटकून खांद्यावर टाकत होता.

"झालं," मल्हारराव समाधानानं म्हणाला. त्याच्या पायाशी एक लहानसं लाल मशीन होतं. नवंकोरं दिसत होतं आणि वर ठळक अक्षरात टिग लिहिलं होतं. इसार कडुबाच्या खिशात गेला होता.

"मामा, हे फक्त डीसी हाय."

"टिग हाय. वाच की."

"टिग हाय, पण याला कॅन जोडणार नाय. चालवून तरी बगा."

कडुबा हसला. "बाई, सौदा झाल्यावर बघतेत का कधी? पण बघा. मेरा क्या जाता है." त्यानं गॅसचा सिलिंडर ढकलत आणला, वायर लावून दिली. गोदामातले हमाल, दोन गिऱ्हाइकं, चहावाला, सगळे गोळा झाले. बाई वेल्डिंग करतेय म्हटल्यावर कोण जातो?

शालूनं कॅन उपडा केला, ब्रशनं चीर घासली, हेल्मेट ओढून घेतलं. ठिणगी पडली. काचेतून तिला तेच दिसलं, जे दिसणार हे तिला माहीत होतं. धातू राखाडी पडला, फुगला, वर सुरकुती धरून बसला. तिनं सळई लावली तर ती गोळा होऊन घरंगळली. मग खालचं सगळं एकदम बसलं आणि बुडाला अंगठा जाईल एवढं भोक पडलं.

"लो!" चहावाला म्हणाला आणि लोक हसले.

"मशीनचा दोष नाय, हाताचा हाय," कडुबा मल्हाररावाकडं बघून म्हणाला. शालूकडं त्यानं बघितलंही नाही. "घरी बसून बसून हात जातो बाईमाणसाचा. शिकल परत, हळूहळू."

शालूला ओरडून सांगायचं होतं, पण सासऱ्यापुढं, परक्या लोकांत ती काय ओरडणार? त्यानं नुसतं अजिनाथला खुणावलं आणि लाल मशीन गाडीत चढलं.

परतीच्या वाटेवर किल्ला दिसायला लागल्यावर अजिनाथ म्हणाला, "ऱ्हाऊ दे शालू. याच्यावर लोखंडाची कामं करू. गेटं, पाळणे. काय ना काय चालंल."

"लोखंडाला फाट्यावर माणसं हायेत," ती म्हणाली. "कॅनाला कुणी नाय. अन् चोर तुमाला कॅनामुळं म्हणतेत, गेटामुळं नाय."

खरं सांगायचं तर तिलाही मनातून भीती वाटत होती. दोन वर्षं वेल्डिंगची टॉर्च हातात धरली नव्हती. कडुबा म्हणाला तसा हातच गेला असला तर? हा विचार तिला कडुबाच्या हसण्यापेक्षा जास्त टोचत होता. तो खोटा ठरवल्याशिवाय तिला चैन पडणार नव्हतं.

गाडी उभी करायचं पत्र्याचं गॅरेज घराला लागूनच होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं शटर वर केलं, वाळूजहून आधीच भाड्यानं आणून ठेवलेला गॅसचा सिलिंडर अजिनाथकडून उभा करून घेतला आणि वाड्याच्या फाटकाची तुटलेली बिजागरी शोधून काढली. वाडा म्हणजे शेळ्यांचा, काट्याकुट्यांचा. मग बाजेपाशी जाऊन म्हणाली, "मामा, जरा येता का?"

"काय हाय?"

"बगायला या. हे डोळ्याला लावा." तिनं जुनी हातात धरायची काच त्याला दिली.

मल्हारराव कुरकुरत आला, उकिडवा बसला. शालूनं बिजागरी धरली. पहिली ठिणगी भलतीकडंच पडली. तिनं मनगट गुडघ्यावर टेकवलं, श्वास सोडला आणि पुन्हा सुरू केलं. लोखंड लाल होऊन पाघळलं, सळई त्यात विरघळत गेली आणि जोड एकसारखा पुढं सरकत राहिला. थंड झाल्यावर मल्हाररावानं बिजागरी दगडावर आपटली, पायाखाली घेऊन पिरगाळली. जोड हलला नाही.

"हात तर चांगला हाय तुझा," तो म्हणाला. त्याला स्वतःलाच नवल वाटलं.

शालूनं बिजागरी बाजूला सारली. "आता ह्ये बगा." तिनं कॅन ओढला, भोकाच्या शेजारी टॉर्च धरली. "तोच हात. तेच मशीन. आतलं वितळलं बगा. अन् वरती?"

मल्हारराव काचेतून बघत राहिला. आत पाणी झालेलं होतं आणि वर एक पातळ कातडं तसंच तरंगत होतं, सुरकुतत होतं, फुटत मात्र नव्हतं. जन्म दुधात गेलेल्या माणसाला ते काय आहे हे सांगावं लागलं नाही. मग सगळं खाली बसलं आणि दुसरं भोक पडलं.

त्यानं काच खाली ठेवली. कॅन वळवून दोन्ही भोकं एकदा बघून घेतली. म्हैस घ्यायची तर हा माणूस दोन वेळचं दूध स्वतः काढून बघायचा, आणि मशीन त्यानं चहा पिता पिता घेतलं होतं. त्याची त्याला लाज वाटली. ती तोंडावर दिसतही होती.

"अजिनाथ, मशीन गाडीत टाक."

बानाबाई दारातून पुढं आली. "आवो, सौदा मोडायला चालले? आजवर कंदी मोडला नाय तुमी."

"कंदी नाय. म्हणून तर आत्ताच जाऊ. उद्यापस्तोर माझा धीर ऱ्हायचा नाय."

गोदामात त्या दिवशी गर्दी होती. सिल्लोडहून बद्रीनाथ नावाचा एक फॅब्रिकेशनवाला आला होता, हमाल होते, दोन-चार भंगारवाले होते. अजिनाथनं लाल मशीन खाली ठेवलं.

"सौदा मोडतो," मल्हारराव म्हणाला.

कडुबानं मुद्दाम आवाज चढवला. "काय? कोण मोडतो? ऐका रे! मल्हारराव सौदा मोडायला आला! बोटं दाबून इसार दिलेला माणूस!" तो सगळ्यांकडं वळून वळून सांगत होता. "सुनेनं फिरवलं वाटतं."

लोकांनी बघून घेतलं. यातलं एकजण तरी रविवारी बाजारात हे सांगणार होतं, हे मल्हाररावाला कळत होतं. तो मान खाली न घालता उभा राहिला.

"इसार बुडाला तुमचा."

"बुडू दे. तो माझ्या चुकीचा व्हता."

शालू तोवर मागच्या कोपऱ्यात गेली होती. तिनं ताडपत्री ओढून काढली. "हे दाखवा."

"ते लई जुनं हाय बाई. जड हाय."

"दाखवा. अन् आधी चालवून बगणार."

अवजड धूड पुढं आलं. घरच्या लाइनीवर चालतं का, तिनं मागची पट्टी वाचून बघितलं. चालत होतं. आत घूं घूं करणारा पंखा होता, कडा चेपलेल्या होत्या. तिनं काल फुटलेलाच कॅन मांडला, टॉर्चच्या तोंडातली सुई घासून टोकदार केली आणि बटण एसीवर फिरवलं. मशीन गुणगुणायला लागलं. तो आवाज कारखाना सुटल्यापासून तिनं ऐकला नव्हता. ठिणगी पडली, आणि राखाडी डागाच्या जागी एक लखलखीत थेंब उभा राहिला. साय फुटून कडेला सरकली होती. तिनं सळई टेकवली, थेंबानं ती ओढून घेतली. भोकाच्या कडा एकेक करून मिटत आल्या. कालचा चहावाला आजही होता. आज तो हसला नाही.

तिनं हेल्मेट वर केलं. घाम डोळ्यांत उतरला होता. "हे घेते."

कडुबानं उपरणं काढलं आणि सवयीनं मल्हाररावापुढं हात केला. मल्हाररावानं दोन्ही हात मागं घेतले.

"सौदा ती करल."

"बाईच्या हातावर उपरणं कसं टाकू? काय बोलता, मल्हारराव?"

"कशाला टाकता?" शालू म्हणाली. "हात धरायची गरज नाय. तोंडानं सांगा. कितीला देता?"

भाव उघड्यावर बोलायचा असतो, हे कडुबाच्या आख्ख्या जिंदगीत कुणी त्याला सांगितलं नव्हतं. त्यानं आजूबाजूला बघितलं आणि त्याची नजर सिल्लोडच्या बद्रीनाथवर अडकली. बद्रीनाथनं मागल्या महिन्यात असलंच मशीन इथूनच नेलं होतं, उपरण्याखाली. आता भाव त्यानं दिला त्याहून जास्त सांगावा तर तो आपला आकडा सगळ्यांपुढं बोलून दाखवणार. कमी सांगावा तर बद्रीनाथ इथंच गळा धरणार.

"सांगा की," बद्रीनाथही कान टवकारून पुढं सरकला. "मलाबी ऐकू द्या."

शेवटी कडुबानं आकडा सांगितला. बद्रीनाथनं दिला होता तोच.

"माझं तर चांगलं व्हतं, नव्यासारखं," बद्रीनाथ म्हणाला. "याचा पंखा वाजतोय, पत्रा चेपलाय. ह्याला तेवढेच कसे?"

"मीबी तेच म्हणते," शालू म्हणाली आणि तिनं आपला आकडा सांगितला. मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असा. हमालांनी एकमेकांकडं बघितलं. कडुबानं जुने दिवस काढले, पोराबाळांच्या आणाभाका घेतल्या, उपरण्यानं तोंड पुसलं. शालू थोडी वर सरकली, तो बराच खाली उतरला. मेंढ्यांच्या उरलेल्या पैशात मशीन बसलं आणि वर सळयांचा पुडा आला.

"इसार यात धरा," अजिनाथ हळूच म्हणाला.

"नाय," मल्हारराव म्हणाला. "तो गेला."

मृग निघाला तेव्हा गॅरेजच्या दारात कॅन रांगेनं उपडे पडलेले असत. बानाबाई सोड्याच्या उकळत्या पाण्यानं ते धुवायची, कारण दुधाचा चिकटा राहिला तर जोडात बुडबुडे धरतात, हे शालूनं तिला एकदा सांगितलं आणि पुन्हा सांगावं लागलं नाही. अजिनाथ येताना कॅन आणायचा, जाताना जोडलेले घेऊन जायचा. केंद्रावरचा साहेब बुडाकडं बघून कॅन आत घ्यायला लागला. दूध कमी भरल्याचे टोमणे ऐकायला आता अजिनाथला थांबावं लागत नव्हतं. शालूच्या मनगटावर ठिणग्यांचे बारीक डाग पडले आणि घरात कुणालाच ते वावगं वाटलं नाही. तिला तर ते बघून बरं वाटायचं.

मल्हारराव रविवारी घरीच असायचा. आपली शेळी घ्यायची तर लोक आता दुसऱ्या कुणाला तरी नेत होते. कुणी तोंडावर काही बोललं नाही, नुसतं बोलवायला यायचं बंद झालं. पहिले दोन बाजार तो धोतर नेसून, फेटा बांधून बाजेवर बसून राहिला. मग एके दिवशी उठला, गळतंय का बघायला जोडलेल्या कॅनांत पाणी भरून ते फरशीवर मांडायला लागला आणि ते काम त्यानं कुणाला दिलं नाही.

शेजारच्या गावचा कचरू आपला कॅन न्यायला आला. बाजेच्या कडेला टेकला, तंबाखू मळली आणि म्हणाला, "बाजारात म्हणतेत, मल्हाररावाचा शब्द फिरला."

"फिरला नाय," मल्हारराव म्हणाला. "मी फिरवला."

त्यानं कचरूचा कॅन उचलला. खालची फरशी कोरडी होती. तरी त्यानं बुडावर तळवा फिरवला, जोडावरून पुन्हा एकदा फिरवला आणि पाणी झाडाला ओतून कॅन कचरूपुढं ठेवला.

"किती द्यायचे?" कचरूनं आवाज खाली आणून विचारलं आणि खांद्यावरचं उपरणं हातावर ओढलं.

मल्हाररावानं गॅरेजकडं बोट दाखवलं. आत निळा उजेड लकाकत होता आणि मशीन घुमत होतं.

"तिला इचार," तो म्हणाला. "मोठ्यानं इचार."

कचरूनं उपरणं परत खांद्यावर टाकलं, शटरपाशी गेला आणि मोठ्यानं विचारलं.